नावासकट

हळदीची वाटी नवरीपुढे ठेवलेली, बायका गोल धरून बसलेल्या, धवला, म्हणजे लग्नातलं बायकांचं गाणं, आता सुरू व्हायचा, आणि तेवढ्यात खालच्या रस्त्यावरून ठमीचा आवाज आला.

ठमी तर इथेच होती, मांडवाच्या मधल्या खांबाला टेकून. तिचं तोंड बंद होतं.

“चला चला! समुद्र दिसणारे प्लॉट! मांडवा जेट्टीच्या हाकेवर! खारवट जमीन पडीक का ठेवता? आम्हाला द्या, सुखाने राहा!”

टेम्पोवरच्या कर्ण्यातून येणारा तोच मधाळ, किंचित घोगरा आवाज. धवले गाऊन अर्ध्या गावाला ज्याने बोहल्यावर चढवलं, तो.

ठमीच्या भाचीने, राहीने, रस्त्याकडे पाहिलं. आत्याचा हा आवाज तिनेच नेला होता. आंधळ्या पोरांना संगणकाने मराठीत वाचून दाखवावं म्हणून ती आणि तिचे सोबती फावल्या वेळात ‘बोलकी’ नावाचा प्रोग्राम लिहीत. कुणीही तो फुकट घ्यावा, उघडून बघावा, बदलावा, पुढच्याला द्यावा. खोलीला गोधड्या बांधून तिने आत्याचा आवाज घोट घोट भरून घेतला होता; आता लिहून दिलेलं काहीही बोलकी त्या आवाजात बोलायची. “कुणीही घेईल आत्या, कशालाही लावील,” तेव्हा तिने सांगितलं होतं. “फक्त कुणाकडून घेतलं त्याचं नाव सांगायचं, एवढी अट.”

“म्हंजे आमच्या धवल्यागतच हाय की,” ठमी हसली होती. धवला शिकलेली बाई शिकवणारीचं नाव घेतल्याशिवाय तोंड उघडत नाही. तेवढ्यावर ठमीने मान हलवली आणि आवाज देऊन टाकला.

नवरीची आई विनिता आता ठमीजवळ सरकली.

“ठमीबाय, राग मानू नको गो. पन सोयरं इचारतान. जमिनी इकत फिरते ती धवलारीण हीच का म्हून. पोरीच्या हलदीला आज दुसरी कोन गायली तर...”

“आत्याने आवाज कुणाला विकला न्हाय, काकी,” राही म्हणाली.

“मंग काय चोरला?”

“चोरला...” राही अडखळली. “चोरला पण न्हाय.”

“मंग तिनंच दिला की,” विनिता म्हणाली, आणि बायकांनी एकमेकींकडे पाहिलं.

राहीने पदराआड मोबाईल उघडला. बोलकीच्या गटात तिने मागणं टाकलं होतं: पुढच्या आवृत्तीतून आत्याचा आवाज काढून घ्या, आणि त्या प्लॉटवाल्याला सगळे मिळून सांगा, थांबव. त्यावर तिकडे रान माजलं होतं. एकाने लिहिलं होतं, कशाला वापरायचं हे आपण ठरवणार तर ते मुक्त राहिलं कुठे? दुसऱ्याने, सुरीने कुणी गळा चिरला तर लोहाराला धरणार का? तिसऱ्याला मुक्त आणि मोफत यांतला फरक पुन्हा एकदा समजावायचा होता, आणि त्याने तो समजावला, पानभर. चौथा म्हणे, एवढं टोचतंय तर घ्या सगळा कोड आणि काढा आपला वेगळा फाटा, अडवलंय कुणी? मग त्यातल्याच दोघांची कुठली लिनक्स खरी यावर जुंपली ती जुंपलीच. जागोजाग टाळ्या, हसरे चेहरे. ठमीचं नाव कुठेच नाही. सगळे तिला ‘स्त्री आवाज एक’ म्हणत होते.

सडलेल्या जवळ्याच्या पाटीत कोपरापर्यंत हात गेल्यासारखं राहीला झालं. तिने बोटं साडीला पुसली.

एवढ्यात खालचा आवाज मध्येच तुटला. टेम्पो उतारावर थांबला. कर्णा मुका.

मोबाईल थरथरला. पुण्याहून गट चालवणाऱ्या कुलदीपचा निरोप होता. “अभिनंदन! आपल्या परवान्याचा विजय. प्लॉटवाल्यांनी त्यातली अट मोडली होतीच. मी कडक शब्दांत लिहिलं. माणसं भली निघाली, आजच चूक दुरुस्त करतायत. राही, विषय बंद करतो.” खाली हिरवी खूण.

“आत्या!” राहीचा श्वास मोकळा झाला. “बंद केलान त्यांनी! काकी, ऐका, बंद झाला! आता गाऊ द्या तिला.”

विनिताने कान दिला. रस्ता खरंच गप्प होता. तिने हळदीची वाटी ठमीपुढे सरकवली. “घे बाय. तुज्यासारखा कोनाला येतंय?”

ठमी सावरून बसली. खांबाची टेकण सोडली. डोळे मिटले.

“पयला नमन गो धरतरीमाये,
दुसरा नमन गो खाडीच्या पान्या...”

बायकांनी ओळ झेलली. नवरीच्या गालाला पहिलं बोट लागलं. तिसरं नमन शिकवणारीला. ठमीने त्या नावासाठी श्वास घेतला.

टेम्पो आळीत वळला.

“समुद्र दिसणारे प्लॉट! खारवट जमीन आम्हाला द्या!” मग एक बारीकशी घंटी वाजली, आणि तोच आवाज, न अडखळता, अगदी गोड: “हा आवाज ठमीबाई हिरामण भोईर यांचा. सर्वांना वापरण्यास खुला.”

नवरीच्या गालावरचं बोट तिथेच राहिलं.

ठमी उठली. खांबाजवळचा तांब्या उचलून मांडवाच्या कडेला गेली, चूळ भरली आणि थुंकली. पुन्हा भरली, पुन्हा थुंकली. तोंडात माशी गेल्यावर माणूस करतं तसं. टेम्पो घराघरापुढे थांबत चालला होता, प्रत्येक दारात तिचं नाव सांगत.

तांब्या रिकामा झाला. मागे न बघताच तिने तो राहीपुढे धरला.

“आनखी आन.”