पांगाऱ्याचं मानपत्र

लालासाहेब बुडाले नाहीत. मंडळाच्या इतिवृत्तात मात्र बुडण्याचा किंवा न बुडण्याचा कसलाच उल्लेख नाही. 'वर्धापनदिन खेळीमेळीत पार पडला' एवढंच आहे. तेव्हा आपणही पहिलं वाक्य वाचलंच नाही असं धरून चालू.

लालासाहेब विहिरीच्या काठावर उभे होते. डोक्याला फेटा, अंगावर शाल, छातीशी मानपत्र. खाली तीन पुरुष खोल पाणी. भोवती कडेगाव प्रौढ जलतरण मंडळाचे एक्केचाळीस सभासद. त्यातल्या प्रत्येकाला पोहता येत होतं. येत नव्हतं ते फक्त अध्यक्षांना. अध्यक्ष म्हणजे लालासाहेब.

ही गोष्ट त्यांनी नऊ वर्षं लपवली होती. फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त होऊन गावी आले, तेव्हा कुणीतरी सहज विचारलं, "पवायला येतं का?" फौजी माणूस नाही म्हणत नाही. "जैसलमेरला शिकलो," ते म्हणाले. पुढच्या रविवारी ते अध्यक्ष झाले. तेव्हापासून गळ्यात शिट्टी आणि हातात दोरी. शिकणाऱ्याच्या पाठीला पांगाऱ्याचा ओंडका बांधायचा, म्हणजे माणूस तरंगतो. कमरेला दोरी, आणि दोरीचं दुसरं टोक लालासाहेबांच्या मुठीत. स्वतः पाण्यात उतरायची वेळ आली की त्यांचा कान दुखायचा. हिवाळ्यात डावा, उन्हाळ्यात उजवा.

मंडळाचं बरं चाललं होतं. सांगलीच्या स्पर्धेत साठीपुढच्या गटात चंद्राबाईंना तिसरा क्रमांक मिळाला. स्पर्धक तीनच होते, पण त्यात चंद्राबाईंचा काय दोष? किराणा दुकानदार जिनदत्त न गाळलेलं पाणी तोंडात जाऊ नये म्हणून ओठ घट्ट मिटून पोहायचे. त्यामुळे ते पाण्यात असले की विहिरीवर शांतता असायची.

घात केला तो नियमावलीनं. ती लालासाहेबांनीच, पदावर नवे असताना, फार कडक मनःस्थितीत लिहिली होती. नियम सात: सत्कारमूर्तीस शालीसह विहिरीत ढकलावे. नियम आठ: पोहता न येणाऱ्यास पद धारण करता येणार नाही. अध्यक्षाचा सत्कार कोण करतंय, अशी त्यांची अटकळ होती. नवव्या वर्षी मंडळानं तोच ठरवला.

त्यात मानपत्रानं त्यांचा अपमान केला होता. काच नाही, चौकट नाही. वीतभर जाड पांगाऱ्याची फळी आणि तिच्यावर चिकटवलेला कागद.

"मानपत्र आन् पांगाऱ्याचं? सागवान मिळालं न्हाई व्हय?"

"जड झालं आसतं, हवालदारसाहेब," जिनदत्त म्हणाले.

"भितीवर टांगायच्या वस्तूला जड काय आन् हलकं काय?"

जिनदत्तांनी ओठ मिटले, चौघांना घेतलं आणि विहिरीत उतरले. उकडतंय म्हणाले. जानेवारी होता. सकाळचे आठ वाजले होते.

लालासाहेबांनी पाण्याकडं पाहिलं. मग चंद्राबाईंकडं पाहिलं. दोन्ही कान एकदम दुखायला लागले.

"चंद्राबाई, मला एक सांगायचं हाय."

"भाईर आल्यावर सांगा," चंद्राबाई म्हणाल्या. "आन् काय बी झालं तरी मानपत्र सोडू नगासा."

आणि त्यांनी ढकललं.

लालासाहेब खाली गेले. नऊ वर्षं काठावरून ओरडून सांगितलेलं सगळं विसरले. हात पुढं की मागं, श्वास आत की बाहेर, काही आठवेना. एकच गोष्ट त्यांनी सोडली नाही, ती म्हणजे मानपत्र. मग मानपत्र वर निघालं. त्याच्या मागोमाग लालासाहेबही वर आले. घाबरून त्यांनी पाय झाडले. पाय झाडले तसे ते पुढं सरकले. पायऱ्या सात हातांवर होत्या. चारी बाजूंनी जिनदत्त आणि मंडळी तरंगत होती, पण कुणालाच हात लावावा लागला नाही.

लालासाहेब पायरीला लागले, दोनदा खोकले आणि म्हणाले, "मला पवायला येत न्हाई."

कुणीही दचकलं नाही.

"आवं, जैसलमेरला वाळूत कोन पवायला शिकतंय?" चंद्राबाई काठावरून म्हणाल्या. "पयल्याच दिशी कळलं."

"मग नऊ वर्सं गप का बसला?"

"पवणारा मास्तर दोरी लवकर सोडतो. तुमी आमच्यापेक्षा लय भ्यायचा. तुमची मूठ कवाच सैल पडली न्हाई. म्हणून तर आमी शिकलो."

लालासाहेबांनी फेटा काढून पिळला. पाणी कधीच संपलं होतं, तरी बराच वेळ पिळत राहिले. नऊ वर्षांत पहिल्यांदाच त्यांचा एकही कान दुखत नव्हता.

मग ते सरळ उभे राहिले आणि नियम आठनुसार त्यांनी राजीनामा दिला. मंडळानं ओल्या कपड्यांतच पायऱ्यांवर तातडीची सभा भरवली आणि अर्ज लिहिला:

"प्रति, तालुका क्रीडा अधिकारी. विषय: पोहण्यास पूर्वलक्षी प्रभावाने मंजुरी मिळणेबाबत. महोदय, आमचे अध्यक्ष आजरोजी मानपत्रासह सात हात अंतर पोहले आहेत. सबब, सदर अंतर त्यांनी नऊ वर्षांपूर्वीच पोहले असे समजण्यात यावे, आणि या अर्जाचा निकाल लागेपर्यंत दोरी त्यांच्याच हातात ठेवण्यास परवानगी असावी, ही नम्र विनंती."