भागिले चार

"तासभर झाला म्हणतात," सफाईवाल्या बाई फोनवर धापा टाकत सांगत होत्या. "आमचे रखवालदार आजोबा लिफ्टमध्ये अडकलेत. सुट्टीचा दिवस, ऑफिसात चिटपाखरू नाही. मी आत्ता आले तेव्हा हाक ऐकली. छातीत दुखतंय म्हणतात. लवकर या हो दादा!"

भिंतीवरच्या घड्याळात एक वाजून पाच मिनिटं झाली होती. लिफ्टचा मेकॅनिक ताटावरून उठला नाही. तासभर म्हणजे पंधरा मिनिटं.

"छातीत दुखतंय म्हणाल्या ना त्या?" बायकोने विचारलं.

"लिफ्टमध्ये सगळ्यांच्याच छातीत दुखतं. दार उघडलं की पळत सुटतात."

हा हिशोब त्याला, ज्यांच्या हाताखाली तो लिफ्टचं काम शिकला त्या उस्तादांनी शिकवला होता. अडकलेल्याला एका मिनिटाची चार वाटतात. तो सांगेल त्याला चारने भाग आणि डोकं शांत ठेव, घाईत हात चुकतो. वीस वर्षांत हे गणित कधी चुकलं नव्हतं. दोन तास कोंडलं म्हणून कोर्टात खेचायला निघालेला वकील अठ्ठावीस मिनिटं आत होता. एका नव्या नवरीने तर बाहेर येताच विचारलं, रात्र झाली का? तेव्हा दुपारचे चार वाजले होते. तिचा नवराही हसला होता.

त्याने भात संपवला. वरून ताक घेतलं. मग हत्यारांची पिशवी उचलली.

तो पोचला तेव्हा दोन वाजून गेले होते. बाई तिसऱ्या मजल्यावर लिफ्टच्या दाराला कान लावून बसल्या होत्या.

"आत्तापर्यंत बोलत होते. आता ओ देत नाहीत."

त्याने किल्ली फिरवून दार सरकवलं. आत दिवा नव्हता. कोपऱ्यात पाय पसरून, भिंतीला डोकं टेकून उस्ताद बसले होते.

निवृत्तीनंतर उस्ताद कुठे असतात, काय करतात, हे त्याने पाच वर्षांत एकदाही विचारलं नव्हतं. त्याने हाका मारल्या, गाल थोपटले, तो छाती दाबत राहिला. रुग्णवाहिका आली. डॉक्टरीणबाईंनी नाडी पाहिली, डोळ्यांत बॅटरी मारली आणि त्याचा हात हळूच बाजूला केला.

काहीतरी करायला हवं म्हणून त्याने लिफ्टची कंट्रोलची पेटी उघडली. बंद पडल्याची वेळ पडद्यावर होती. सकाळचे नऊ वाजून पाच मिनिटं. त्याने ती पुन्हा वाचली.

"चार तास!" तो बाईंवर ओरडला. "फोन केलात तेव्हाच चार तास होऊन गेले होते! आणि मला तासभर सांगता? काही अक्कल?"

बाईंनी पदर तोंडावर धरला.

"मी नाही हो दादा. त्यांना चार तासच वाटत होते. मग आपणच हसले, म्हणाले, 'अंधारात माणसाला चौपट वाटतं. मेकॅनिकला खरा आकडा द्यावा. तासभरच सांग.'"