जयरामचा खळगा

समुद्रातून बघताना कारखान्याची चिमणी डोंगराच्या खांद्याला टेकायला थोडंच अंतर उरलं होतं, तेवढ्यात जयरामला दिसलं की त्याच्या जागेवर दुसरीच होडी उभी आहे.

त्यानं लांब बांबू तळाला रोवून आपली पिरोग, लहान लाकडी होडी, थांबवली. समोरची होडी पांढरी, मोटारवाली, बाजूला नव्या हॉटेलचं नाव. आत उन्हानं लाल झालेले तीन पाहुणे गळ टाकून बसले होते. त्यातला एक जण कापितेन मासा वर ओढत होता, चांगला हातभर लांब.

बेटावरच्या सुरिनाम गावाच्या किनाऱ्यावर मासे सगळेच धरत, पण पोवळ्यांमधला हा खोल खळगा फक्त जयरामच्या घराला ठाऊक होता. चिमणी डोंगराच्या खांद्याला टेकली आणि वाकडं सुरूचं झाड देवळाच्या कळसाआड गेलं, की नांगराचा दगड सोडायचा. ही खूण जमिनीवर कधी बोलायची नाही. बोटानं दाखवायची नाही, नुसती हनुवटी उचलायची. परकी होडी दिसली तर दगड ओढून रिकाम्या हातानं घरी जायचं. पोराला दहावं वर्ष लागलं की बापानं त्याला पिरोगीत घालून एकदाच दाखवायची. कृष्णदेवला जयरामनं अशीच दाखवली होती. आज पाळी होती कृष्णदेवच्या लेकीची, बसंतीची. आजवर घराण्यात मुलीला कुणी दाखवली नव्हती. जयराम दाखवणार होता, आणि त्यासाठी बायकोशीसुद्धा भांडला होता.

हॉटेलच्या होडीवरचा नावाडी गावातलाच होता. त्यानं हात हलवून काकाला हाक दिली.

"बोंझुर, तोंतों जयराम," तो म्हणाला आणि पुढचं सगळं बेटाच्या क्रिओल बोलीतच हसत हसत सांगून मोकळा झाला. हॉटेलच्या भिंतीवर मोठा नकाशा लावलाय, त्यावर या जागेला 'त्रू जयराम' असं नाव दिलंय, जयरामचा खळगा. पाहुणे रोज विचारतात, हा जयराम कोण म्हणून.

जयरामच्या तळपायाची आग मस्तकात गेली. नकाशे काढणारा सगळ्या घरात एकच शहाणा होता. रोझ हिलच्या एका कचेरीत तो त्याचाच पगार खात होता आणि आत्ता पिरोगीच्या मागच्या टोकाला दोर गुंडाळत बसला होता.

"नकाशा कुनी काढला?" जयरामनं विचारलं.

कृष्णदेवनं मान वर केली नाही. "मी, बा. त्यांचा साहेब आमच्या कचेरीत आला होता. मला वाटलं, तुझं नाव लिवतील. तुझं नाव कुठल्याच कागदावर न्हाय."

"काय दिलं त्यानं तुला?"

"काय न्हाय. मी मागितलंच न्हाय."

"विकली असतीस तर तुला चोर म्हटलं असतं," जयराम म्हणाला. "फुकट वाटलीस. आता तुला काय म्हनू?"

बसंतीचा पाच वर्षांचा धाकटा भाऊ, देवराज, मासा कधी धरायचा म्हणून विचारत होता. बसंती एकदा आजाकडे, एकदा बापाकडे बघत होती. तिला मराठी सगळं कळायचं, बोलताना मात्र अडायचं.

जयरामनं पिरोग वळवली. त्याच्याकडे आणखी एक जागा होती. त्याच्या बापानं शेवटच्या वर्षी दाखवलेली, लहान, पण कधी दगा न देणारी. ती त्यानं कृष्णदेवलाही सांगितली नव्हती. पुढच्या वर्षी सांगू, असं म्हणता म्हणता वर्षं गेली होती. आता त्याला वाटलं, देवानंच आपली जीभ धरली होती. पण रागाला तेवढं पुरेना. तो दातओठ खात बांबू रेटत राहिला, आणि जागा जवळ आली तसा त्यानं डोक्याचा टॉवेल सोडून बसंतीकडे फेकला.

"बापाच्या डोळ्यावर बांध."

बसंती जागची हलली नाही.

"बांध, म्हनतो ना. त्याला दिसलं तर उद्या हिथं बाजार भरल."

कृष्णदेवनं लेकीच्या हातून टॉवेल घेतला आणि स्वतःच डोळ्यांवर बांधला, घट्ट, डोक्यामागे दोन गाठी मारून. चाळीस वर्षांचा माणूस हात मांडीवर ठेवून आंधळ्यासारखा बसून राहिला. देवराजला ही आंधळी कोशिंबीर वाटली. तोही खिदळत दोन्ही तळव्यांनी डोळे झाकून बसला.

जयरामला जरा बरं वाटलं. खरं सांगायचं तर बरंच वाटलं. त्यानं किनाऱ्याकडे पाहिलं. माडांच्या रांगेतली फट सरकत सरकत काळ्या खडकावर आली, आणि चर्चचा क्रूस दोन टेकड्यांच्या बरोबर मधे उभा राहिला.

"बसंती, आता बघ," तो हळूच म्हणाला. "नीट बघून ठेव. परत दाखवनार न्हाय."

त्यानं वळून पाहिलं. पोरीनं गुडघे छातीशी घेतले होते आणि तोंड त्यांच्यात खुपसलं होतं.

"डोळे उघड गं. जागा चालली."

"पापा अवान," ती गुडघ्यांतूनच म्हणाली. मग आजाला नीट कळावं म्हणून तिनं मराठी शब्द एक एक करून जुळवले. "पयला पापा. मग मी."

जयरामनं दगड सोडला नाही. पाण्याला ओढ होती. पिरोग हळूहळू जागेवरून पुढे वाहत गेली, आणि जुळलेल्या खुणा बघायला सगळ्या होडीत तो एकटाच होता.