अंगठीवरचा ओरखडा

जुन्या चांदीच्या अंगठ्या पारखण्यात जावईबापूंचा हात धरणारं कुणी नव्हतं. गिऱ्हाइकानं आणलेली अंगठी भिंगाखाली धरून त्यांनी छातीठोकपणे सांगून टाकलं, "साच्यात ओतलेली नाही, हातानं घडवलेली आहे. दीडशे वर्षं तरी जुनी. कानशीच्या रेघा उलट्या कलल्यात, म्हणजे कारागीर डावखुरा. आणि इथे कानस सटकून ओरखडा पडलाय. नवशिका असणार बिचारा!"

गिऱ्हाईक खूश होऊन गेलं. कोपऱ्यात बसलेल्या, जन्मभर सोनारकाम केलेल्या सासऱ्यांनी डाव्या हातातला कप खाली ठेवला.

 

"दीडशे नाही, बेचाळीस वर्षं. आणि नवशिका नव्हतो हो मी, जावईबापू! नेमक्या तेव्हाच तुमच्या सासूबाई पहिल्यांदा दुकानाची पायरी चढल्या."