डोंगरच्या पोराला उंची लागत नाही

घोडा एकच मोकळा होता आणि त्यावर डच बाई बसली होती.

"तिला उतरवा, काका," इलारिया म्हणाली. "ब्राउलिओला बसवा. आत्ताच्या आत्ता."

सातुर्निनोनं लगाम सोडला नाही. आउसांगाते डोंगराच्या अंगाखांद्यावर त्याचं सारं आयुष्य गेलं होतं, त्यातली चाळीस वर्षं ओझ्याच्या घोड्यांमागं. परदेशी पाहुण्यांच्या प्रत्येक डोंगरफेरीत खोगीर घातलेला एक घोडा मोकळा चालवायचा आणि ज्या पाहुण्याचे पाय गळतील त्याला वर बसवायचं, ही इथली रीत. डोंगरातला माणूस त्या घोड्यावर कधी बसला नव्हता. बसला असता तर गावात तोंड दाखवायला जागा उरली नसती. आणि वाटाड्याचं काम करणारी ही कुस्को शहरातली पोरगी ज्याला बसवा म्हणत होती, तो सातुर्निनोचा पोटचा पोरगा होता.

ब्राउलिओ तळ्याकाठी खडकाला टेकून बसला होता. सात वर्षं त्यानं लिमाला, समुद्राकाठी, खानावळीत स्वयंपाक केला. रविवारी घरी आला आणि बुधवारी लगेच या फेरीवर आचारी म्हणून निघाला. निघताना इलारियानं प्रत्येकाला विचारलं होतं, वर येऊन किती दिवस झाले, डोकं दुखतं का. ब्राउलिओची पाळी आली तसा बापच मध्ये बोलला.

"त्याला काय विचारता, बाई? त्याची नाळ इथं पुरलीय. डोंगरच्या पोराला उंची लागत नाही."

"पण जपून हं," फेलिसियानो नावाचा घोडेवाला म्हणाला. "सात वर्षं खाऱ्या हवेत मुरलाय. मीठ चाटायला घोडे मागं लागायचे."

सगळे हसले. सगळ्यांत मोठ्यानं बाप हसला.

दुसऱ्या दिवशी ब्राउलिओनं कपाळाला फडकं आवळून बांधलं आणि मुकाट्यानं सूप रांधलं. रात्रभर खोकला. तिसऱ्या दिवशी सकाळी बटाटे सोलताना त्याच्या हातातून सुरी दोनदा गळून पडली. "लिमानं सुरी धरायचंही विसरायला लावलं का रे?" सातुर्निनोनं विचारलं, तेव्हाही लोक हसले. आता दुपार झाली होती, खिंड मागं पडली होती, आणि पोराचे ओठ जांभळे झाले होते. तो थुंकला की लालसर फेस पडत होता.

"छातीत पाणी भरलंय," इलारिया म्हणाली. "चालायला लावू नका. घोड्यावर घातलं तर तीन तासांत गाव येईल, खाली गेला की वाचेल. खाली राहून आलेल्याला पाहुण्यासारखीच उंची लागते, काका. मग तो इथला असला म्हणून काय झालं?"

"हे तुम्हाला शहरात शिकवलं."

"हो, शहरातच शिकवलं. म्हणून खोटं आहे का?"

डच बाईला भाषा कळत नव्हती, पण डोळे होते. तिनं रिकिबीतून पाय काढला. सातुर्निनोनं तो हातानं धरून परत रिकिबीत घातला. मागं फेलिसियानो आणि आणखी दोघं ओझी आवळायचं थांबवून बघत उभे होते. खरं सांगायचं तर ते तिघं तिथं नसते, तर बापानं केव्हाच पोराला उचलून खोगिरावर टाकलं असतं. पण ते होते.

"काय रे?" सातुर्निनोनं विचारलं. "चालवत नाही का तुला?"

ब्राउलिओनं बापाकडं पाहिलं. मग त्या तिघांकडं पाहिलं.

"चालतो की," तो म्हणाला, आणि खडक धरून उठला.

पहिलं तळं त्यानं ओलांडलं. दुसऱ्यापाशी म्हणाला, तुम्ही व्हा पुढं, मी येतोच. इलारियानं त्याचा हात आपल्या खांद्यावर घेतला. पुढं थोड्या वेळानं त्याचे गुडघे दुमडले आणि तो तोंडावर पडला. तेव्हा सातुर्निनो ओरडत धावला. त्यानं डच बाईला जवळजवळ ओढूनच खाली उतरवलं, पोराला खोगिरावर घातलं, स्वतःच्या अंगावरच्या लोकरी पोंचोनं बांधलं. गाठ मारेपर्यंत पोराचा श्वास थांबला होता. "चल, बाळा, चल," असं म्हणत तो तरीही घोडा हाकत राहिला. त्याला कुणी थांबवलं नाही.

गावात शिरल्यावर लोक दारात आले.

"खिंडीत पाय घसरला," सातुर्निनो म्हणाला. "खडकावर पडला."

बायका रडायला लागल्या. खिंड वाईटच आहे, असं कुणीतरी म्हणालं. तिघं घोडेवाले जमिनीकडं बघत राहिले. इलारियानं बोलायला तोंड उघडलं, सातुर्निनोचा चेहरा पाहिला आणि मिटून घेतलं.

ब्राउलिओच्या आईनं, नासारियानं, दार लावून एकटीनं लेकाला अंघोळ घातली. खूप वेळ लागला. ती बाहेर आली तेव्हा अख्खं गाव अंगणात बसलं होतं.

"कुठं लागलं गं पोराला?" गावच्या म्होरक्यानं विचारलं.

सातुर्निनोनं मान वर केली नाही. तिनं पोराचं सगळं अंग धुतलं होतं. त्यावर एक ओरखडा नव्हता.

"डोक्याला," नासारिया म्हणाली. "मागच्या बाजूला. जखम खोल आहे."

लोकांनी माना हलवल्या. ती आत वळली, तसा सातुर्निनो मागोमाग गेला आणि दाराशीच भिंतीला धरून उभा राहिला.

"तू माझी लाज राखलीस," तो कसाबसा म्हणाला.

नासारियानं ओलं फडकं पिळलं.

"तुमची नाही राखली," ती म्हणाली. "मेल्यावर तरी त्याला कुणी हसायला नको."