हात पडला तर

"ठेवून द्या आता," मनोहरराव म्हणाले. नरखेडच्या बागायतदारानं डाव्या हातातलं संत्रं टेबलावर ठेवलं. खांद्याच्या रेषेत सरळ धरलेला त्याचा उजवा हात मनोहररावांनी दोन बोटांनी दाबला होता आणि तो पडला होता. म्हणजे संत्रं त्याला मानवत नव्हतं.

"घरी बगीचा हाय ना माझा संत्र्याचा," तो हिरमुसून म्हणाला.

"शरीर खोटं नाही बोलत गा."

आतल्या दारात उभ्या सरितानं हसू दाबलं. नंदनवन वस्तीतल्या घराच्या पुढच्या खोलीत सासऱ्यांकडे असे पेशंट रोज येत. कोणी हातात गोळ्यांची बाटली धरी, कोणी गव्हाची पुडी. हात ताठ राहिला तर चालतं, पडला तर नाही.

शेवटचा पेशंट गेला की सरिताची पाळी असे. ती कपाटातून नवऱ्याचा सदरा काढी, डाव्या हातात धरी आणि उजवा हात पुढे करी. केशव बापाशी भांडून घरातून गेला, त्यावर दोन पोळे उलटले होते. मनोहरराव डोळे मिटून विचारत, "केशव जिवंत आहे?" आणि हात दाबत. हात पडत नसे. मग दोघं जेवायला बसत.

शेजारच्या नंदिनीला हे पटत नव्हतं. गच्चीवर कपडे वाळत घालताना ती म्हणाली, "रामटेकचे मास्तर लग्नासाठी किती दिवस थांबतीन वं? चांगला माणूस आहे. अन् मामाजी तुले उगाच आशा लावून ठेवून राहिले. हळूच दाबत असतीन."

"नाही. पुरा जोर लावतात."

"मग तू काहून नाही जात?"

"हात पडला की जाईन."

मास्तरांचा सकाळीच फोन येऊन गेला होता. ताप उतरला का, जेवलात का, एवढंच त्यांनी विचारलं होतं. असं तिला कोणी विचारून किती काळ लोटला होता. फोन ठेवल्यावरही ती बराच वेळ तशीच बसून राहिली होती.

संध्याकाळी ती सदरा घेऊन पुढं आली, तेव्हा मनोहरराव म्हणाले, "आज राहू दे. चिकनगुनियातून उठली तू. ताकद नाही अंगात."

पण त्यांची नजर सदऱ्यावरून हलत नव्हती.

"दाबा, मामाजी."

त्यांनी दाबला. खांद्यातून कळ निघाली. हात थोडा खाली आला. म्हाताऱ्याचा चेहरा उतरला. सरिताच्या डोळ्यांसमोर रामटेकचं ते घर आलं, मागच्या पडवीतून गड दिसणारं. एकदाच पाहिलं होतं. हात सैल सोडायचा, की सगळं मोकळं.

तिनं दात आवळले आणि हात पुन्हा वर नेला.

"आहे," मनोहरराव खुर्चीत बसत म्हणाले. त्यांचे डोळे भरून आले होते. "येईन तो. आला की पयले त्याची माफी मागतो मी."

"येतीन ना," सरिता म्हणाली आणि दुखरा हात पदराखाली घेऊन भाकरी टाकायला आत गेली.

गेल्या हिवाळ्यात माहेरी जाते असं सांगून ती भावासोबत भुसावळला गेली होती, तेव्हा तिनंच केशवची ओळख पटवली होती आणि तिथल्या घाटावर त्याला अग्नी दिला होता.