झाकणाच्या आत

"हे झाकण कुणी घासलंय?" मास्तरांनी विचारलं, पण त्यांच्या बायकोनं मान वर केली नाही.

मास्तर डोळ्याला भिंग लावून घड्याळदुरुस्तीच्या टेबलावर वाकले होते. समोर एक मनगटी घड्याळ उघडं पडलेलं, त्याचं मागचं झाकण चिमट्यात. ती काउंटरची काच पुसत होती, ती पुसतच राहिली.

"कुणी म्हणजे? गिऱ्हाईकानं घासलं असेल."

"गिऱ्हाईक बाहेरून घासेल. आतून कशाला घासेल? बघ तरी, कागदासारखं पातळ झालंय."

आता आली का पंचाईत! या माणसाला सकाळचा चहा दुपारी आठवत नाही, पण हाताखालच्या धातूत केसभर फरक पडला तरी नजरेतून सुटायचा नाही.

टेबलासमोरच्या भिंतीवर तिनं लिहिलेला कागद चिकटवलेला होता. 'तुम्ही आजारी होता. तुमच्याच शरीराच्या रोगप्रतिकारक शक्तीनं मेंदूवर हल्ला केला. सूज आता उतरली आहे. पण हिप्पोकॅम्पस नावाच्या भागाला इजा झाल्यामुळे नवीन गोष्टी लक्षात राहत नाहीत. जुनं सगळं शाबूत आहे. घाबरू नका.' रोज सकाळी मास्तर तो वाचायचे आणि म्हणायचे, "म्हणजे राखणदारानंच घर फोडलं म्हणायचं!" आणि ती रोज पहिल्यांदाच ऐकल्यासारखी हसायची. घड्याळाबद्दल मात्र त्या कागदावर एक अक्षर नव्हतं.

"इकडे ये," मास्तर म्हणाले. "हात दाखव."

अंगठ्याला आणि बोटाला काळपट घट्टे पडले होते. असले घट्टे कशानं पडतात हे या धंद्यात केस पांढरे केलेल्या माणसाला कुणी सांगायला नको.

"पॉलिश पेपर," ते म्हणाले. "तू घासतेस. का?"

चार महिने ती बिनदिक्कत खोटं बोलत आली होती. आज जीभच उचलली नाही. मग तिनं सगळं सांगून टाकलं. आजारपणानंतर त्यांनी एकाच्या घड्याळात दुसऱ्याचं मशीन बसवून दिलं, एकदा नाही, तीनदा. गिऱ्हाईकं तुटली. रिकाम्या टेबलापाशी हात मांडीवर ठेवून ते बसायचे आणि दर पंधरा मिनिटांनी विचारायचे, "आज काहीच काम नाही का गं?" ते तिला बघवेना. म्हणून जुन्या बाजारातून तिनं हे घड्याळ आणलं. रोज सकाळी त्याच्या चाकात कापसाचा तंतू अडकवायचा आणि नवीन गिऱ्हाईक आलंय म्हणून त्यांच्यापुढे ठेवायचं. ते उघडायचे, साफ करायचे, तेल द्यायचे. मग कारागिराच्या रिवाजाप्रमाणे झाकणाच्या आत सुईनं तारीख आणि आपली चांदणीची खूण कोरायचे, म्हणजे पुढे कधी घड्याळ उघडलं तर आधी कुणी हात लावला होता ते कळावं. संध्याकाळी ही खूण ती घासून टाकायची.

"किती दिवस चाललंय हे?"

"चार महिने."

"रोज?"

"रविवार सोडून."

मास्तरांना हसू फुटलं, पण ते फार टिकलं नाही. "म्हणजे मी पोरखेळ करत बसतोय."

"काम करताय."

"याला काम म्हणतात? तू बिघडवायचं आणि मी नीट करायचं?" त्यांनी चिमटा खाली ठेवला. "उद्यापासून मला हे देऊ नकोस."

"मग काय देऊ?"

दुरुस्तीची घड्याळं टांगायचे खिळे भिंतीवर ओळीनं रिकामे होते. दोघंही तिकडेच बघत राहिली. मग मास्तर पुन्हा टेबलावर वाकले. तिला सुईची करकर ऐकू येत होती. रोजच्यापेक्षा बराच वेळ चालली होती. जवळ जाऊन बघायची काही तिची छाती झाली नाही.

नंतर चहा झाला. कप खाली ठेवून मास्तरांनी बंद केलेलं घड्याळ उचललं आणि कानाला लावलं.

"झकास चाललंय. कुणाचं गं हे?"

तिनं त्यांच्याकडे नीट पाहिलं. चेहऱ्यावर मघाचं काही म्हणजे काही नव्हतं.

"येतील न्यायला संध्याकाळी," ती म्हणाली.

संध्याकाळी दुकान आवरताना तिनं पॉलिश पेपर काढला आणि झाकण उघडलं. आज चांदणी नव्हती. तारीखही नव्हती. तिनं त्यांचं भिंग डोळ्याला लावलं. मुंगीएवढी अक्षरं होती, जरा थरथरलेली, पण हात त्यांचाच.

'घड्याळ हिचंच आहे. विचारू नकोस. दुरुस्त कर.'

तिला रडू आवरेना. बऱ्याच वेळानं तिनं पॉलिश पेपर चुरगाळला आणि केराच्या डब्यात टाकला.

सकाळी मास्तरांनी भिंतीवरचा कागद वाचला. "म्हणजे राखणदारानंच घर फोडलं म्हणायचं!" ती हसली. मग चाकात तंतू अडकवलेलं घड्याळ तिनं त्यांच्यापुढे ठेवलं.

"नवीन गिऱ्हाईक आलंय."

त्यांनी झाकण उघडलं, भिंगाखाली धरलं आणि तसेच बसून राहिले. ती काच पुसायला लागली. पुसून झालेली काच तिनं पुन्हा पुसली.

शेवटी चिमटा उचलल्याचा आवाज आला.

"कधी हवंय त्यांना?"

"संध्याकाळी."

"सांग त्यांना," डोळ्यावरचं भिंग न काढताच मास्तर म्हणाले, "संध्याकाळपर्यंत होईल."